विचारा की! : जगभरच्या निवडणुका मोबाईलवर, पण आकडा कुणी मोजलाय ते बघून

प्रश्न : सर, मी परभणीला राहून एमपीएससीचा अभ्यास करायलेय. एका देशाचं मतदान एका साइटवर वेगळं आन दुसऱ्या साइटवर वेगळं दिसतंय, थोडाथोडका नाही तर चांगला दहा-पंधरा टक्क्यांचा फरक. खरं कोणतं धरू? आणि भरवशाच्या साइट कोणत्या?
– एक विद्यार्थिनी, परभणी

ताई, दोन्ही खरे असू शकतात, कारण मत टाकलेल्यांचा आकडा एकच असतो पण त्याला भागलं कशानं यावर टक्का ठरतो. मतदार यादीतल्या नावांनी भागलं तर एक उत्तर, मतदानाच्या वयाच्या सगळ्या लोकसंख्येनं भागलं तर दुसरं. स्टॉकहोमला इंटरनॅशनल आयडिया म्हणून एक संस्था आहे, सरकारांनी मिळून 1995 ला काढलेली, भारत तिच्या स्थापनेपासूनचा सदस्य. तिच्या व्होटर टर्नआउट डेटाबेसमध्ये 1945 पासूनच्या जगभरच्या संसदेच्या आन राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुका आहेत आणि हे दोन्ही टक्के शेजारी-शेजारी दिलेत. मी तर म्हणतो सुरुवात तिथूनच करा.

अमेरिकेचं बघा, तिथं बऱ्याच राज्यांत नाव नोंदवायचं काम मतदारानं स्वतः करायचं असतं, मग ज्याला मत द्यायचंच नाही तो बऱ्याचदा नोंदणीच करत नाही, त्यामुळं नोंदणी झालेल्यांच्या हिशेबानं टक्का एकदम झकास दिसतो आन लोकसंख्येच्या हिशेबानं काढला की दाणकन खाली येतो. आपल्याकडं उलटी गंमत. यादीत वारलेले, पुण्याला जाऊन तिथंही नाव लावून बसलेले, लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी, सगळे असतात, म्हणजे भागायचा आकडाच फुगलेला. त्यात बीड, धाराशिवकडचे ऊसतोड कामगार. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं, नेमके कारखाने पेटायचे दिवस, टोळ्या निघायची वेळ. जो माणूस कोयता घेऊन फडावर गेलाय त्याचं नाव यादीत आहे पण मत नाही, आन साइटवर तो फक्त 'मतदान न केलेला' म्हणून दिसतो. तो का आला नाही, हे कोणतीच साइट सांगत नाही.

2024 च्या लोकसभेला देशात मतदान यंत्रांवर 65.79 टक्के मतदान झालं हे निवडणूक आयोगाचं, यादीच्या हिशेबानं. लोकसंख्येच्या हिशेबानं काढायला गेलं तर घोळ असा की हाताशी छापील जनगणना 2011 ची, म्हणजे 18 च्या वरचे नेमके किती हा अंदाजच. तुलना करताना अजून एक बघत जा, ऑस्ट्रेलियात 90 टक्क्यांच्या आसपास मतदान होतं म्हणून तिथले लोक लई जागरूक असं लगेच लिहू नका, तिथं 1924 पासून मतदान सक्तीचं आहे, देशाच्या निवडणुकीत मत दिलं नाही अन कारणही पटवलं नाही तर 20 डॉलर दंड. हा कॉलमसुद्धा त्याच डेटाबेसमध्ये आहे, सक्ती आहे की नाही, पण पोरं तो वाचतच नाहीत.

बाकी, महिला खासदार किती यासाठी जिनिव्हाच्या इंटर पार्लमेंटरी युनियनची पार्लाइन ही साइट. संस्था 1889 ची, पण आकडे ताजे ठेवतात. रवांडा 60 टक्क्यांच्या वर आणि आपण 2024 ला 543 त 74 महिला, म्हणजे साडेतेराच्या आसपास. निवडणूक पद्धती समजून घ्यायच्या असतील, प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा) वगैरे, तर एस प्रोजेक्ट (ACE) ही साइट. दिसायला जुनाट आहे पण मजकूर मजबूत.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर पुतण्यानं टाकलं की स्वीडनच्या संस्थेनं भारताला लोकशाहीतूनच काढलं. मेहुणे म्हणाले हे सगळं परदेशी कारस्थान आहे. दोन दिवस ग्रुप तापलेला. तुम्ही काय म्हणता?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, लातूर

गुरुजी, पुतण्याचं अर्धं खरं आन मेहुण्यांनी तर पान उघडलेलंच दिसत नाही. गोथेनबर्ग विद्यापीठातली व्ही-डेम ही संस्था. 2021 च्या अहवालात त्यांनी भारताला 'इलेक्टोरल ऑटोक्रसी' या रकान्यात टाकलं, म्हणजे निवडणुका होतात पण बाकीचं स्वातंत्र्य आक्रसलंय असं त्यांचं मत. त्याच वर्षी अमेरिकेच्या फ्रीडम हाऊस या संस्थेनं 'फ्री' वरून 'पार्टली फ्री' केलं आन आपल्या सरकारनं तो अहवाल दिशाभूल करणारा आहे म्हणून फेटाळला. लंडनच्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत मात्र आपण 'फ्लॉड डेमोक्रसी', सदोष का होईना पण लोकशाहीच. एकाच देशाला तीन ठिकाणी तीन शेरे.

आता वरच्या ताईंना जे सांगितलं ते मोजलेल्या मतांचं होतं आणि हे आहे दिलेल्या मार्कांचं, हा फरक ग्रुपवर कुणीच सांगत नाही. तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत, तुम्हाला काय सांगावं, गणिताचा पेपर तपासणं वेगळं आन निबंधाचा वेगळा. व्ही-डेम देशोदेशीच्या हजारो तज्ज्ञांकडून प्रश्नावली भरून घेतं आन मग त्यांच्या उत्तरांवर गणिती प्रक्रिया करतं, त्यांचा डेटा थेट 1789 पासूनचा आहे. फ्रीडम हाऊस 100 पैकी मार्क देतं, 40 राजकीय हक्कांना आणि 60 नागरी स्वातंत्र्याला. आपल्याला पहिल्या भागात बरे पडतात, दुसऱ्यात कापलेत. इकॉनॉमिस्टवाल्यांचे 60 प्रश्न, तिथंही निवडणूक प्रक्रियेला आपल्याला चांगले मार्क आन राजकीय संस्कृतीला कमी. म्हणजे मतदान नीट होत नाही असं यातलं कुणी सरसकट म्हणत नाही, भांडण दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांचं आहे.

मेहुण्यांना एक मुद्दा द्यायला पाहिजे, फ्रीडम हाऊसला वर्षानुवर्षं बराचसा पैसा अमेरिकी सरकारकडून आलाय आणि मार्क देणारी शेवटी माणसंच, त्यामुळं शंका घेणं चूक नाही. पण म्हणून सगळंच कारस्थान म्हणायचं हे मला पटत नाही, कारण कोणत्या प्रश्नाला किती मार्क आन का, हे फ्रीडम हाऊस भारताच्या पानावर प्रश्नागणिक लिहितं. ते वाचून ज्या प्रश्नाचे मार्क पटत नाहीत त्यावर भांडा म्हणावं, फॉरवर्डवर नको.

प्रश्न : आमच्या भागातल्या 1952 च्या निवडणुकीवर प्रोजेक्ट करायलोय. आयोगाच्या साइटवर महाराष्ट्र टाकून बघितलं, 1962 च्या आधीचं काहीच येईना. डेटा उडाला का?
– इतिहासाचा विद्यार्थी, नांदेड

उडाला नाही रे भाऊ, तू चुकीच्या राज्यात हुडकायलास. 1952 ला आपण हैदराबाद राज्यात होतो, 17 सप्टेंबर 1948 नंतर सगळ्या प्रौढांना मत मिळालेली ती पहिलीच निवडणूक, तेव्हा 'हैदराबाद' उघड. विधानसभा 175 जागांची होती, त्यात तेलंगणाच्या आन कानडी भागाच्याही आल्या, आपल्या वेगळ्या काढाव्या लागतील. 1957 साठी 'बॉम्बे' उघड, कारण 1956 ला राज्यांची फेररचना झाली. 1962 पासून महाराष्ट्र. यात स्वामी रामानंद तीर्थांचंच उदाहरण घे, 1952 ला ते लोकसभेवर गुलबर्ग्यातून निवडून गेले आन 1957 ला औरंगाबादमधून, माणूस एकच पण दोन वेगळ्या राज्यांच्या नावाखाली सापडतो.

स्पेलिंग सांभाळ. बीड इंग्रजीत कधी बीर, कधी भीर असं लिहिलेलं असतं, सर्चमध्ये बीड टाकलं तर काहीच येणार नाही. लातूर, हिंगोली जिल्हे म्हणून शोधू नको, लातूर 1982 चा आन हिंगोली 1999 चा. पुढं 1962 नंतरचं काम काढलंस तर अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरची लोकढाबा ही साइट बघ, सगळं एक्सेलमध्ये फुकट उतरवता येतं, पीडीएफ बघून आकडे टाइप करत बसायची गरज नाही.

प्रश्न : मायनेता वर आमच्या आमदारावर गुन्हे दाखवतात, ते खरे का? आणि ग्रामपंचायतीत कोणत्या पक्षाच्या किती आल्या हे कुठं बघायचं?
– एक वाचक, गेवराई

मायनेता ही एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेची साइट, आणि तिच्यातली माहिती उमेदवारानं स्वतः अर्जासोबत दिलेल्या शपथपत्रातून, म्हणजे फॉर्म 26 मधून घेतलेली असते. गुन्हे, संपत्ती, शिक्षण हे सांगणं सुप्रीम कोर्टाच्या 2002 च्या निकालापासून बंधनकारक झालं. तिथं 'केस' लिहिलेली म्हणजे शिक्षा झाली असं नाही, प्रलंबित केसेस वेगळ्या, शिक्षा झालेल्या वेगळ्या, दोन्ही रकाने नीट बघा. आन शपथपत्राची मूळ स्कॅन प्रत आयोगाच्या साइटवर असते, शंका आली तर ती उघडा.

ग्रामपंचायतीचं मात्र केंद्रीय आयोगाच्या साइटवर शोधू नका, ते काम राज्य निवडणूक आयोगाचं, नाहीतर सरळ तहसील गाठा. आणि पक्षाचं म्हणाल तर आपल्याकडं ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवतच नाहीत, त्यामुळं निकालाच्या दिवशी टीव्हीवर प्रत्येक पक्ष जे आकडे सांगतो त्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरली तरी नवल वाटून घेऊ नका. तो आकडा कोणत्याच सरकारी कागदावर नसतो.