16 वर्षांच्या भाच्याला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेलंय, वकिलाला पैसे नाहीत. काय करावं?

पैशांसाठी अडून राहू नका. घरचं उत्पन्न कितीही असो, मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे (गुन्ह्याचा आरोप असलेल्या 18 वर्षांखालील मुलांची प्रकरणं ऐकणारं मंडळ) न्यावंच लागतं. शाळेचा दाखला आत्ताच शोधून ठेवा. वय आधी त्यावरूनच बघतात, कागदच नसतील तर हाडांची तपासणी होते. जामीन सहसा मिळतो. आणि हे बरेच जण बोलतच नाहीत: घरात मारहाण होत असेल किंवा कुणी मोठ्या माणसाने त्याला चोरीला लावलं असेल, तर वकिलाला स्पष्ट सांगा. मंडळ ते प्रकरण बाल कल्याण समितीकडेही (मुलांची काळजी आणि संरक्षण बघणारी समिती) पाठवू शकतं.