पाच वाजताची भूक

प्रश्न: आमच्या सोसायटीतल्या आठवी-नववीच्या दहा-बारा मुलांना शाळा सुटल्यावर, दर शुक्रवारी, स्वयंपाक आणि पोषक आहार शिकवावा असं मनात आहे. पण हॉलमध्ये गॅस पेटवायला परवानगी नाही, मुलांना नूडल्सच करायच्या आहेत आणि मुलगे लांब उभे राहतात. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: ताई, इंडक्शनची परवानगी तेवढी मागून घ्या; नौपाड्यातला माझा वर्ग एका इंडक्शनवरच चालतो. पाच वाजता मुलं भुकेजून येतात. तेव्हा फळ्यावर प्रथिनं-कर्बोदकं लिहू नका, मटकी काढा.

बुधवारी रात्री प्रत्येकाने आपापल्या घरी मूठभर मटकी भिजत घालायची, गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, शुक्रवारी पुरचुंडी घेऊन यायचं. फडकी सुटली की सगळे एकमेकांच्या मटकीत डोकावतात. कुणाला छान लांब मोड आलेले, कुणाची बुळबुळीत, आंबूस वासाची. पाणी निथळलं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच कळतं. ती टाकून द्या, बाकीची नीट वाफवा. कच्चे मोड मी मुलांना देत नाही. त्या ओलसर उबेत जंतूही वाढतात.

वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. लिंबू पिळताना लोहाचं सांगा. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला २२. कडधान्यातलं लोह अंगी कमी लागतं. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त शोषलं जातं, आणि लगेच वर चहा घेतला की पुन्हा कमी.

नूडल्सना नाही म्हणू नका. पाकिटावरचा सोडियमचा आकडा मुलांनाच शोधू द्या. त्याला अडीचने गुणलं की मीठ. तेवढं मीठ छोट्या काट्यावर तोलून बशीत ठेवा आणि मग सांगा, की दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं. माझ्याकडचा एक मुलगा ते मीठ कागदात बांधून आईला दाखवायला घेऊन गेला होता. मग अर्धाच मसाला घालून, कोबी-गाजर-मटार भरपूर टाकून त्याच नूडल्स करा.

मुलग्यांना पहिल्या दिवसापासून सुरी द्या. बोटांची टोकं आत वळवून कांदा धरायला शिकवा. एकदा सगळ्यांना जांभळी नाक्याच्या भाजी बाजारात न्या, दोघादोघांच्या प्रत्येक जोडीला शंभर रुपये द्या आणि भाव त्यांनाच करू द्या. आणि भांडी घासल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.