सदाफुलीचा रस देऊ का?

प्रश्न : थोरल्या भावाच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमाची म्हणजे कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या आणि फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू आहे. मामा रोज सदाफुलीच्या पानांचा रस आणि हळद-मिरीच्या कॅप्सूल द्या म्हणतायत. द्यायचं का? – एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, रस देत असाल तर आजच बंद करा. मामांचं अगदीच चुकलंय असं नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हात बाकी सगळं करपतं तरी सदाफुली कंपाउंडला फुललेलीच असते, आणि तिच्यापासूनच व्हिनक्रिस्टिन नावाचं औषध निघतं, ते ब्लड कॅन्सरला वापरतात आणि ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाच्या मेंदूच्या गाठीला पण इतर दोन औषधांबरोबर देतात. पण ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून, आणि तेवढ्यानंही हातापायाला मुंग्या येतात, पोट गच्च धरतं. पानात नुसतं तेच नसतं हो, कितीतरी अल्कलॉइड, म्हणजे झाडातली जहाल रसायनं, असतात, कुठल्या पानात किती ते मिक्सरला काय कळणार? टेमोझोलोमाइडनं आधीच पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात, त्यात ही भर कशाला.

हळदीचं जरा वेगळं. लॅबमध्ये वाढवलेल्या गाठीच्या पेशी हळदीतल्या कर्क्युमिन या घटकानं मरतात हे खरंय, पण तोंडानं घेतलं की रक्तात जेमतेम पोचतं, लिव्हर लगेच त्याचा निकाल लावतं, आणि उरलंसुरलं मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत अडवते. म्हणून तर मिरी घालतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर रक्तात जवळपास वीसपट पोचतं. झालं, कंपन्यांनी तेच डबीवर छापलं. पण हे पिपरिन फक्त हळदीलाच मदत करतं असं थोडंच आहे, फेनिटॉइनची रक्तातली पातळी पण त्यानं वाढते! मग पेशंटचा चालताना झोक जातो, जीभ जड होते, डोळे भिरभिरतात आणि घरच्यांना वाटतं गाठ परत वाढली, रात्री धावपळ, पुन्हा एमआरआय. मला या कॅप्सूलची भीती वाटते ती यासाठी.

आमटीतली चिमूटभर हळद-मिरी खाऊ द्या, तेवढ्यानं सहसा काही होत नाही. कॅप्सूलची डबी मात्र पुढच्या तपासणीला पिशवीत घालून न्या, डॉक्टरांना दाखवा, आणि जमलं तर मामांनाही सोबत घ्या, म्हणजे घरी येऊन तुम्हाला परत भांडत बसायला नको.