ओव्हनचा कंट्रोल बोर्ड खरोखरच बिघडला आहे का?

आपण लिहिलेली लक्षणे थोडक्यात अशी आहेत: घरातील विद्युत ओव्हनचा डिस्प्ले उजळतो, पंखा फिरतो, पण कधी ओव्हन तापतच नाही, तर कधी चालू असताना मध्येच बंद पडून घड्याळ शून्यावर येते, तपासायला आलेल्या माणसाने मागचे झाकणही न उघडता ‘कार्ड गेले’ असे सांगितले आणि आता नवा कंट्रोल बोर्ड (ओव्हन चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड) मागवावा का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आहे की अजून मागवू नका. बोर्डाला वीज नीट मिळते का, सेन्सर त्याला खरी माहिती देतो का आणि त्याने दिलेला हुकूम हीटरपर्यंत पोहोचतो का, हे तपासल्याशिवाय बोर्डाला दोषी ठरवता येत नाही. माझ्या हातून गेलेल्या ओव्हनमध्ये ‘बोर्ड खराब’ म्हणून आलेल्या अनेकांचे बोर्ड धडधाकट होते.

मोजमापाआधी एक गोष्ट गांभीर्याने घ्या. अनेक बोर्डांवर ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरमधून (विद्युतभार साठवणाऱ्या भागातून) मुख्य वीज कमी करून घेतलेली असते, त्यामुळे ‘इथे तर फक्त पाच व्होल्ट आहेत’ असे वाटणारा भागही थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो. प्लग काढून किंवा मुख्य स्विच बंद करून आणि वीज खरोखर बंद झाल्याची मीटरने खात्री करूनच झाकण उघडावे व रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मोजावा. चालू विजेवरची जी मोजमापे मी पुढे सांगितली आहेत ती ज्याला त्या कामाचा सराव आहे त्यानेच करावीत. आपण ती समजून घेतलीत तरी तंत्रज्ञाला नेमका प्रश्न विचारता येईल.

घड्याळ लावलेले नसणे, मुलांसाठीचे कुलूप सुरू असणे, दार पुरते न लागणे आणि विक्रीच्या दालनासाठी असलेली प्रात्यक्षिक स्थिती चुकून सुरू होणे, ही चार कारणे आधी माहितीपुस्तिका पाहून बाद करा. प्रात्यक्षिक स्थितीत दिवा, पंखा, डिस्प्ले सगळे चालते, फक्त उष्णता येत नाही, आणि त्यापायी चांगले बोर्ड बदलले गेल्याचे मी पाहिले आहे.

आता खरा मुद्दा. ओव्हन नेमका कोणत्या क्षणी बंद पडतो, हे घड्याळ लावून टिपून ठेवा, कारण बिघाडाची वेळ बहुधा बिघाडाची जागा सांगते. रिलेचा (बोर्डाच्या हुकुमाने हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ आवाज होताच, एकदोन सेकंदांत डिस्प्ले मंद होऊन घड्याळ शून्यावर येत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. ओव्हनच्या मागील टर्मिनलवरचा एखादा स्क्रू सैल असेल किंवा तार करपली असेल, तर हा भार येताच तिथे व्होल्टेज पडते आणि बोर्ड नव्याने सुरू होतो. म्हणून वीज बंद करून आधी तो टर्मिनल ब्लॉक पाहा. काळपट, वितळलेले किंवा ठिसूळ प्लास्टिक दिसले तर बोर्डाचा विचार तिथेच थांबवा.

टर्मिनल स्वच्छ असतील तर बोर्डावरच्या पुरवठ्याकडे यावे. वीज कमी करणारा तो कपॅसिटर बहुधा चौकोनी डबीसारखा असतो. विजेच्या प्रत्येक झटक्याने त्यातील धातूचा पातळ थर थोडाथोडा जळतो आणि वर्षे सरतात तशी त्याची क्षमता घटत जाते. नुसता डिस्प्ले चालवायला उरलेली क्षमता पुरते, पण रिले ओढायची वेळ आली की पुरत नाही. मग रिले थरथरतो किंवा बोर्ड पुन्हा सुरू होतो. कपॅसिटर काढून त्याची क्षमता मोजली आणि ती त्यावर छापलेल्या आकड्याच्या बरीच खाली आली असेल, तर निदान पक्के झाले. बदली घालताना तो मुख्य विजेवर वापरण्यासाठीच्या त्याच वर्गाचा असला पाहिजे, साधा फिल्म कपॅसिटर तिथे लावू नये. ज्या बोर्डांवर स्विचिंग पुरवठा (मोबाइल चार्जरसारखा वीजपुरवठा) आहे तिथे हाच बिघाड वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे (गोल डब्यासारख्या कपॅसिटरमुळे) होतो. त्याचे डोके फुगलेले नसले म्हणजे तो चांगला आहे, असे मात्र समजू नये.

उलट ओव्हन वीसतीस मिनिटे नीट चालून मग बंद पडत असेल, तर उष्णतेने उघडणारा जोड शोधायचा आहे. रिलेच्या पायांभोवतीच्या सोल्डरला पडलेली बारीक गोल चीर भिंगाशिवाय दिसत नाही, कारण जास्त प्रवाह आणि रोजचे तापणे-निवणे यांनी ती केसासारखी पडते. जुने सोल्डर काढून नवे भरले की असे बोर्ड पुष्कळ काळ चालतात. त्याच वेळी बोर्डाला गार ठेवणारा पंखा पूर्ण वेगाने फिरतो का आणि त्याची वाट तेलकट धुळीने बुजली आहे का, हेही पाहावे, नाहीतर नवा बोर्डही त्याच उष्णतेत शिजेल. फक्त उष्णता थांबून डिस्प्ले चालू राहत असेल, तर बहुतेक रचनांत तापमान-मर्यादक (अति तापल्यावर हीटरची वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) उघडलेला असतो, आणि त्यामागेही अनेकदा हाच पंखा असतो.

ओव्हन सुरुवातीपासूनच थंड राहत असेल तर हीटरपासून निघावे. २३० व्होल्टच्या २००० वॅट हीटरचा रोध सुमारे २६ ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. हीटर चांगला असेल तर चालू स्थितीत त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजावे. एक टोक आणि ओव्हनची धातूची काया यांच्यामध्ये मोजू नये, कारण दुसऱ्या बाजूची तार तुटलेली असली तरी तिथे पूर्ण व्होल्टेज दिसू शकते. टोकांवर व्होल्टेज नसेल तर रिलेच्या कॉइलला तिचे १२ किंवा २४ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. मिळत असतील, टक् आवाजही येत असेल आणि तरीही मिटलेल्या संपर्कांमध्ये व्होल्टेज दिसत असेल, तर संपर्क जळले आहेत. आवाज येणे म्हणजे संपर्क जुळणे नव्हे.

राहिला सेन्सर. अनेक ओव्हनमध्ये प्लॅटिनमचा सेन्सर असतो. त्याचा रोध ० अंश सेल्सिअसला १००० ओहम, २५ अंशांना सुमारे १०९७ आणि २०० अंशांना सुमारे १७५८ ओहम असतो. काही ओव्हनमध्ये वेगळा प्रकार असतो, म्हणून आपल्या मॉडेलचा तक्ता पाहावा. हा रोध सेन्सरच्या टोकाशी न मोजता बोर्डाच्या कनेक्टरवर, बोर्डापासून सोडवून मोजावा, म्हणजे मधल्या तारांचीही परीक्षा होते. गंजलेल्या जोडाने ५० ओहम वाढवले तरी बोर्डाला ओव्हन सुमारे १३ अंश जास्त गरम भासतो आणि प्रत्यक्षात तो कमी तापतो. मी एकदा अशाच तक्रारीवर दोन बोर्ड बदलले होते. शेवटी मागच्या पत्र्याखाली चिमटलेली सेन्सरची तार सापडली, जी पत्रा तापून सरकला की त्याला टेकत असे. त्यानंतर मी बोर्डाला हात लावण्याआधी प्रत्येक तार बोटांनी चाचपतो.

बोर्डाची उलटतपासणीही शक्य आहे. वीज बंद करून हीटरच्या तारा सोडवून नीट झाका, सेन्सरच्या जागी १५०० ओहमचा साधा रेझिस्टर जोडा, आणि मग वीज देऊन पाहा: या प्रकारच्या सेन्सरसाठी बोर्डाला ओव्हन सुमारे १३० अंशांवर आहे असे वाटले पाहिजे, म्हणून १०० अंश मागितले तर रिले सुटलेला राहील आणि १८० मागितले तर ओढला जाईल. तसे घडले तर सेन्सर वाचणारा भाग आणि रिलेला हुकूम देणारा भाग, दोन्ही ठीक आहेत. हीटर जोडलेले असताना ही चाचणी कदापि करू नये, कारण बोर्डाला खरे तापमान कळणार नाही आणि तो हीटर कधीच थांबवणार नाही.

एवढे करून बोर्डच दोषी ठरला, तर त्यावरचा भाग-क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या, कारण सारखे दिसणारे बोर्ड वेगवेगळ्या मॉडेलसाठी वेगळे भरलेले असतात, आणि तारा काढण्याआधी छायाचित्र घ्या. तोवर मला दोन गोष्टी कळवा: बंद पडण्याआधी किती मिनिटे जातात, आणि गार ओव्हनमध्ये कनेक्टरवर सेन्सरचा रोध किती येतो.