पुस्तकात ख्रिसचा आवाज कुठे गेला?

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, 'नॉर्दर्न एक्स्पोजर' ही जुनी अमेरिकन मालिका मी दोनदा पाहिली. तिच्यातला रेडिओवाला ख्रिस माझा फार लाडका. त्याच्या चिंतनाचं पुस्तक निघालं होतं असं कळल्यावर खटपट करून एक जुनी प्रत मिळवली, आणि पंधरा पानांत कंटाळले. जे ऐकताना मी मालिका थांबवून नुसती बसून राहायचे, तेच कागदावर दिनदर्शिकेतल्या सुविचारासारखं वाटतंय. माझं वय झालं की पुस्तकातच खोट आहे?

उत्तर : वयाचा काही संबंध नाही. उलट कंटाळलात म्हणजे कान शाबूत आहेत.

मालिका न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. 1990 ते 1995 या काळात सीबीएस वाहिनीवर तिचे 110 भाग झाले. सिसिली हे अलास्कातलं काल्पनिक गाव. चित्रीकरण मात्र वॉशिंग्टन राज्यातल्या रॉझलिन या जुन्या कोळसाखाणीच्या गावात झालं. अलास्काने शिक्षणाचा खर्च उचलला म्हणून न्यूयॉर्कचा एक तरुण डॉक्टर करारापायी तिथे येऊन अडकतो, ही मूळ गोष्ट. गावात एकच रेडिओ केंद्र, आणि त्यावर सकाळी बोलणारा ख्रिस स्टीव्हन्स. जॉन कॉर्बेट या नटाने तो केलाय. वेस्ट व्हर्जिनियाचा, तुरुंगवारी करून आलेला, मासिकातली जाहिरात पाहून टपालाने पाद्री झालेला, आणि हाताला लागेल ते वाचणारा. गाणी लावतो, गावच्या खबरा देतो आणि मध्येच मानसशास्त्रज्ञ युंग नाहीतर अमेरिकन कवी व्हिटमन काढतो. त्याच्या या बोलण्यावरचं 'ख्रिस-इन-द-मॉर्निंग' हे पुस्तक लुईस चुनोविच यांनी 1993 मध्ये केलं, म्हणजे मालिका चालू असतानाच.

आता तुमचा कंटाळा. मी सात-आठ वर्षं रेडिओवर नैमित्तिक निवेदिका होते, सकाळच्या सभेत. दोन गाण्यांमध्ये बोलायचं ते वहीत लिहून न्यायचे. मजकूर चार-पाच ओळींचा, आणि जागोजाग तिरप्या रेघा, श्वासासाठी. एकदा हौसेने ती वही मैत्रिणीला वाचायला दिली. दोन दिवसांनी परत करताना म्हणाली, "छान आहे गं, पण तू इतकी बोधप्रद कधीपासून झालीस?" मला राग आला. मग घरी येऊन मीच ती वही सलग वाचली आणि चौथ्या पानावर मिटून ठेवली. प्रत्येक निवेदनाला आगापिछा होता. आधीचं गाणं संपताना उरलेला सूर, बाहेर पाऊस आहे की धुकं, आदल्या दिवशी गावात काय झालं. वहीत त्यातलं काहीच नव्हतं. उरला होता नुसता बोध, आणि बोध सलग चार पानं कुणाला सोसत नाही. कीर्तनातला निरूपणाचा भाग तेवढा टिपून घ्यावा आणि टाळ, मृदंग, मागची बायकामाणसं सगळं वगळावं, तसं ते झालं होतं.

ख्रिसचंही तेच. तिसऱ्या पर्वातला तो पियानोचा भाग आठवा. 'बर्निंग डाउन द हाउस', 1992 चा. ख्रिसने गोफणीसारखं एक भलंथोरलं लाकडी यंत्र बांधलंय आणि त्यातून त्याला गाय भिरकवायची आहे. कला म्हणून! मग गावातला सिनेमावेडा पोरगा एड त्याला सांगतो की हे मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींनी सिनेमात आधीच करून ठेवलंय. ख्रिसचा चेहरा असा उतरतो की हसावं की त्याच्या पाठीवर हात ठेवावा कळत नाही. त्याच भागात गावातल्या वैमानिक मॅगीचं घर जळालेलं असतं, आणि त्यातून निघालेला पियानो ख्रिसच्या नजरेला पडतो. शेवटी सगळा गाव माळावर जमतो, ख्रिस तत्त्वज्ञ किर्केगार्दचं नाव घेत चार वाक्यं बोलतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की काय भिरकावलं याला महत्त्व नाही, भिरकावण्याला आहे. मग दोर सुटतो, आणि तो काळा, बोजड पियानो आभाळात हळूच गिरकी घेत जातो.

आता हेच वाक्य पियानोशिवाय वाचा. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकावर शोभेल. पडद्यावर त्याला वजन येतं ते गाय हुकलेली आपण पाहिलीय म्हणून, आणि तो पियानो कुणाच्या तरी जळलेल्या घरातला आहे म्हणून.

गाण्यांची गोष्ट वेगळीच. ख्रिस बोलतो ते दोन तबकड्यांच्या मध्ये. पुढे मालिका डीव्हीडीवर आली तेव्हा हक्कांच्या खर्चापायी बरीच मूळ गाणी काढून दुसरी घातली गेली, आणि जुने चाहते हळहळले. गाणं बदललं तरी बोलण्याची चव बदलते. पुस्तकात तर गाणंच नाही.

म्हणून पुस्तक रद्दीत देऊ नका, फक्त कादंबरीसारखं वाचू नका. सकाळी एक उतारा, तोही मोठ्याने. ज्या भागातला आहे तो आठवत असेल तर आधी डोळ्यांसमोर आणा, नसेल तर पुढच्यावर जा. मी माझी प्रत दाराजवळच्या फळीवर ठेवलीय. चपला घालताना जेवढं वाचून होईल तेवढंच.

प्रश्न : अशा पुस्तकातली वाक्यं नक्की कुणाची म्हणायची? नटाची, पुस्तकावर नाव असलेल्या लेखकाची, की त्या पात्राची?

उत्तर : यांतल्या कुणाचीच पुरती नाहीत. मालिकेचे जनक जोशुआ ब्रँड आणि जॉन फॉल्सी. पण 110 भाग दोघांच्याने होत नाहीत. डायान फ्रोलोव्ह आणि अँड्र्यू श्नायडर ही जोडी होती, आणखी पुष्कळ जण होते. ख्रिसची सकाळ या सगळ्यांनी पाळीपाळीने लिहिली. मालिकेवरून असं पुस्तक करणारा या विखुरलेल्या मजकुराची जुळणी करतो. काम कष्टाचं, पण विहीर त्याने खणलेली नसते.

आणि ख्रिस स्वतः तरी कुठे सगळं स्वतःचं बोलतो? पहिल्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात तो व्हिटमनबद्दल भरभरून बोलतो. चोऱ्यामाऱ्यांच्या वयात हाती आलेल्या या कवीने आपल्याला कसं झपाटलं ते सांगतो, आणि बोलता बोलता व्हिटमनच्या समलैंगिकतेचा उल्लेख करतो. केंद्राचा मालक मॉरिस, माजी अंतराळवीर, व्हिटमनला देवासारखा मानणारा. तो भडकतो, ख्रिसला हाकलतो आणि स्वतः माइकसमोर बसून संगीतिकांमधली गाणी लावू लागतो. गाव दोन दिवसांत रडकुंडीला येतं! मला हा भाग फार आवडतो, कारण निवेदक बदलला की सकाळ कशी बिघडते हे इतक्या गमतीत दुसरीकडे पाहिलेलं नाही. तेव्हा पुस्तकात एखादी ओळ चमकली, तर ती ख्रिसची आहे की त्याने कुणाची उसनी घेतलीय ते पाहा. उसनी असेल तर सरळ मूळ कवी काढा. माझ्याकडे व्हिटमन असा ख्रिसच्या मागून आला.

प्रश्न : पात्राच्या नावाने निघालेली आणखी चांगली पुस्तकं सुचवा.

उत्तर : दोनच सांगते. 'येस मिनिस्टर' या ब्रिटिश राजकीय विनोदी मालिकेचं पुस्तक. जोनाथन लिन आणि अँटनी जे यांनी ते मंत्री जिम हॅकरच्या रोजनिशीच्या रूपात मांडलंय, आणि आपण केवळ संपादक असल्याचा आव शेवटपर्यंत सोडलेला नाही. मालिकेतले संवाद नुसते उतरवून न घेता त्यांना कागदावर शोभेल असं रूप दिलं, म्हणून ते न पाहता वाचलं तरी चालतं. दुसरं, 'ट्विन पीक्स' या गूढ अमेरिकन मालिकेत जिचा खून होतो त्या लॉरा पामरची गुप्त डायरी, 1990 ची. लेखिका जेनिफर लिंच, दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांची मुलगी. हे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि रात्री वाचू नका. त्याच मालिकेत खुनाचा तपास करणाऱ्या एफबीआयच्या एजंट कूपरचं आत्मचरित्रही 1991 मध्ये आलं, स्कॉट फ्रॉस्ट यांचं. ते आधी वाचलंत तर लॉराची डायरी उचलायचा धीर होईल.

प्रश्न : मोठ्या भावाच्या निवृत्तीच्या समारंभात मला ख्रिसची एक ओळ म्हणायची आहे. नाव कुणाचं घ्यावं?

उत्तर : आधी वर म्हटलं तसं, ओळ मुळात कुणाची ते तपासा. ख्रिसचीच निघाली तर पात्राचं आणि मालिकेचं नाव घ्या, आणि जमलं तर त्या भागाच्या लेखकाचंही. ते श्रेयनामावलीत असतं, आपण घाईने पुढे ढकलतो तिथेच. नुसतं "एका विचारवंताने म्हटलंय" असं म्हणू नका, तो फार जुना चोरदरवाजा आहे. ओळीआधी भावाचा एखादा खरा किस्सा सांगा, तोही असा की ज्यात त्याची थोडी फजिती झालीय. आणि आदल्या रात्री ती ओळ दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा. जिथे दम लागेल तिथे पेन्सिलने तिरपी रेघ मारून ठेवा.