कारखाना देश सोडून जातो, तेव्हा दोष कुणाचा: जागतिकीकरणाचा की सरकारी धोरणाचा?

तुमची कंपनी उत्पादन दुसऱ्या देशात हलवण्याच्या बेतात आहे, असं तुम्ही लिहिलंय. यात दोष जागतिकीकरणाचा की सरकारचा, आणि आयात शुल्क वाढवलं तर गेलेल्या नोकऱ्या परत येतील का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं कॉस्टिंगला, म्हणजे खर्चाचे हिशेब मांडण्याच्या कामाला होतो. प्लांट हलवायचा की नाही, याचे तक्ते माझ्याच टेबलावर तयार व्हायचे. मजुरी पाहून निर्णय होतो असं बाहेर सर्वांना वाटतं. पण तक्त्यात मजुरीच्या खाली बरंच काही असतं: सीमाशुल्क, करसवलत, विजेचा दर, माल किती दिवस समुद्रावर राहणार, सुटे भाग पुरवणारे जवळपास आहेत का. यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर कुठल्या ना कुठल्या सरकारचा हात असतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नातले दोन आरोपी मला वेगळे दिसतच नाहीत. कंटेनरमुळे वाहतूक स्वस्त झाली, हे तंत्रज्ञानाचं काम. पण अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा हा व्यापार करार १९९४ मध्ये लागू झाला, चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला, कापड-कपड्यांच्या आयातीवरचे कोटे, म्हणजे किती माल येऊ द्यायचा याच्या मर्यादा, २००५ च्या सुरुवातीला संपले. हे सगळं सरकारांनी सह्या करून ठरवलं होतं.

अमेरिकेत २००० साली कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख लोक कामाला होते, २०१० मध्ये साधारण १ कोटी १५ लाख उरले. सगळ्या नोकऱ्या चीनने नेल्या नाहीत. यंत्रं आली, २००८ ची मंदीही आली. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वस्त मालाचा फायदा साऱ्या देशात थोडा थोडा वाटला गेला, आणि घाव मात्र ठरावीक भागांवर बसला. तिथली माणसं चटकन दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या धंद्यात गेलीच नाहीत. घर, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा सोडून कोण कसं निघेल?

आता शुल्काचं. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. नोकऱ्या आल्या, अंदाजे १,८००. पण मशीन महागली, आणि तिच्या जोडीने विकला जाणारा ड्रायरही महागला, त्यावर शुल्क नसताना! ग्राहकांच्या खिशातून गेलेले पैसे या नोकऱ्यांवर वाटले, तर एका नोकरीला वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर खर्च पडला, असा हिशेब अर्थतज्ज्ञांनी मांडला. म्हणजे नोकऱ्या थोड्याफार येतात, पण ज्यांच्या गेल्या त्यांनाच मिळतील याची खात्री नसते.

मग सरकारने कंपनीला पैसे देऊन थांबवावं का? मला जर्मनीतलं बोखुम आठवतं. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकियाच्या तिथल्या कारखान्याला सरकारी अनुदान मिळालं होतं. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे २,३०० नोकऱ्या गेल्या. लोक रस्त्यावर उतरले, सरकारने अनुदान परत मागितलं. उत्पादन गेलं रोमानियात, क्लुजजवळच्या जुकू गावी. तिथे आनंदीआनंद. आणि २०११ मध्ये तो कारखानाही बंद होणार असल्याची घोषणा झाली, साधारण २,२०० माणसांना घरी बसावं लागलं, कारण काम आशियाकडे निघालं होतं. बोखुममधल्या कामगारांनी ज्यांना आपल्या नोकऱ्या नेणारे मानलं असेल, त्यांच्यावर चार वर्षांच्या आत तीच पाळी आली.

त्याच बोखुममध्ये कोळशाच्या खाणी बंद पडत असताना सरकारने एक विद्यापीठ काढलं, १९६५ मध्ये ते सुरू झालं. नोकिया गेली, २०१४ मध्ये ओपेलचा मोटार कारखानाही बंद झाला. विद्यापीठ आजही तिथेच आहे, आणि ओपेलच्या रिकाम्या जागेवर जे नवं उभं राहतंय त्यात त्याच्या संशोधनाचाही वाटा आहे. माझा कल यातून तुमच्या लक्षात येईल: सरकारचा पैसा एका कंपनीच्या ताळेबंदात जाण्यापेक्षा शिक्षणात, रस्त्यांत, छोट्या पुरवठादारांत जावा. ते उचलून नेता येत नाही.

आणि माणसांवर खर्च व्हावा. डेन्मार्कमध्ये कामावरून काढणं मालकाला तुलनेने सोपं आहे, पण बेकारी विम्यातून दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो आणि नव्या कामाच्या प्रशिक्षणाची सोय असते. उलट, व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी अमेरिकेत १९६२ पासून असलेली योजना जुलै २०२२ पासून नवे अर्ज घेत नाही. ऐन शुल्कयुद्धाच्या काळात ती बंद पडू दिली, याचा मला मनापासून संताप येतो.

तुमच्यासाठी एवढंच सांगतो. नव्या मशिनरीची खरेदी थांबली असेल, किंवा तुमच्याकडून साचे आणि ड्रॉइंग मागवली जात असतील, तर निर्णय बहुधा झालेला आहे. संघटनेमार्फत आत्ताच लेखी विचारा: नोटिशीचा काळ किती, भरपाई कशी मोजणार, कंपनीने सरकारी सवलत घेतली असेल तर तिच्यात नोकऱ्यांची अट होती का. आणि प्रशिक्षण मागायचं ते पगार चालू असतानाच मागा. गेट बंद झाल्यावर मागणी ऐकायला समोर कुणी नसतं.