राजीनामा आधी की पहिल्या शंभर ऑर्डरी?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकांचा आहे. वय 39, अंबडच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, यंत्रांचे प्रोग्रॅमिंग, हातात येणारा पगार 72,000 रुपये आणि गृहकर्जाचा हप्ता 24,000. एका शिबिरात त्यांना सांगण्यात आले, की माल न साठवता ऑनलाइन विक्री, म्हणजे ड्रॉपशिपिंग, केल्यास दिवसाला दोन तास देऊन महिन्याला लाख रुपये सुटतात. त्यासाठी 1,20,000 रुपयांचा अभ्यासक्रम घ्यावा, नोकरी सोडावी आणि भविष्य निर्वाह निधी काढून जाहिरातींत घालावा का, असे ते विचारतात.

राजीनामा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण आपणच पाठवलेल्या हिशेबात आहे. चार्जिंगवर चालणारा भाजी कापायचा चॉपर 699 रुपयांना विकायचा, तर 18 टक्के जीएसटी वजा जाता आपल्या हाती सुमारे 592 रुपये उरतात. खरेदी 280, कुरियर 60 आणि ऑर्डरमागे जाहिरात 150 धरली, तर शंभर ऑर्डरींवर 10,200 रुपये सुटतात आणि हजार ऑर्डरींवर लाखाचा आकडा गाठला जातो. शिबिरात दाखवले ते एवढेच. मात्र कॅश ऑन डिलिव्हरीत दारात आलेले पार्सल घ्यायचे की नाही, हे गिऱ्हाईक ऐन वेळी ठरवते. शंभरांतली पंचवीस पार्सले परत आली असे धरून पाहा. विक्री 44,400 वर येते. खरेदी 21,000, जाहिरात पूर्ण शंभरांची 15,000, जायचे कुरियर 6,000 आणि परतीचे 1,500. शिल्लक राहतात 900 रुपये, आणि तेही परत आलेला माल पुरवठादाराने विनातक्रार घेतला तर. म्हणजे हजार ऑर्डरी सांभाळून महिन्याला 9,000 रुपये. त्यात तक्रारींचे फोन घेण्यात जाणारा वेळ धरलेला नाही, आणि तो दोन तासांत मावणार नाही. स्क्रीनवर दाखवले जाणारे मोठे आकडे बहुधा उलाढालीचे असतात, नफ्याचे नव्हे. शिबिर घेणाऱ्यांची कमाई चॉपरमधून किती आणि शुल्कातून किती, हे त्यांना जरूर विचारावे. त्या शुल्कावरही 18 टक्के जीएसटी लागून आपल्याला 1,41,600 रुपये पडतील.

भविष्य निर्वाह निधीला हात लावू नये. 2024-25 साठी त्यावर 8.25 टक्के व्याज मिळाले आहे, आणि आपल्या पगाराच्या पातळीवर ते करमुक्त आहे. जाहिरातीत गेलेला पैसा मात्र विक्री होवो न होवो, गेलेलाच असतो.

कमी कामात जास्त कमाई अशक्य आहे, असे मी म्हणणार नाही. ती ज्यांना साधते त्यांच्यामागे एकतर मोठे भांडवल असते किंवा अनेक वर्षांत जमवलेले कसब आणि गिऱ्हाईक. भांडवलाचे म्हणाल, तर 7 टक्के व्याजाने महिन्याला 60,000 रुपये मिळवायला मुदत ठेवीत एक कोटीच्या वर रक्कम लागते, आणि त्यावर कर वेगळा. कसब मात्र आपल्याकडे आहे. अंबड-सातपूर पट्ट्यातील ज्या लहान वर्कशॉपना पूर्णवेळ प्रोग्रॅमर परवडत नाही, त्यांना कामागणिक पैसे घेऊन प्रोग्रॅम करून दिल्यास तासाचा दर चॉपरपेक्षा कितीतरी चांगला पडेल, असे मला वाटते. नेमणूकपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, हे तेवढे आधी पाहावे.

तरीही विक्री करून पाहायचीच असेल, तर अभ्यासक्रमाशिवाय, बचतीतील 40,000 रुपयांच्या मर्यादेत आणि नोकरी सांभाळून करावी. परराज्यात माल पाठवायचा असल्यास उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. पहिल्या शंभर ऑर्डरींत किती परत आल्या, ते वहीत मांडून मला कळवावे. पुढचे त्यावर ठरवू.

आणखी एक. पत्नीला मधुमेह असल्याचे आपण लिहिले आहे. सध्या कुटुंबाला कंपनीच्या गटविम्याचे संरक्षण आहे, ते नोकरीबरोबर संपेल. स्वतंत्र आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. त्यामुळे नोकरी पुढे कधी सोडायची असो वा नसो, ती पॉलिसी याच वर्षी घ्यावी.